क्रश सँड घेण्याआधी खाणीचं तोंड वाचा: काळा पाषाण, मांजऱ्या आणि गेरू

कातळवाचक (धागाकर्ता)

क्रश सँड म्हणजे दगड फोडून बनवलेली वाळू. तिच्यावरच्या बहुतेक चर्चा मशीनपासून सुरू होतात. व्हीएसआय (दगड फेकून-आपटून फोडणारं यंत्र) आहे का, धुण्याची सोय आहे का, प्लांट कुठल्या कंपनीचा. माझ्या मते अर्धा निकाल त्याआधीच लागलेला असतो, खाणीच्या तोंडावर. तिथला कुठला थर फीडरमध्ये (क्रशरला दगड पुरवणाऱ्या तोंडात) पडतोय हे न बघता वाळू घेणं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भाग दख्खनच्या लाव्हाखाली आहे, वय साधारण ६.६ कोटी वर्षं. लांबून सगळा डोंगर एकाच दगडाचा वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक प्रवाह वेगळा थिजलाय आणि एकाच प्रवाहात वरून खाली माल बदलत जातो. खाणीच्या उभ्या भिंतीसमोर उभं राहिलं की आधी माती, मग मुरूम दिसतो. त्याखाली प्रवाहाचा माथा, वायूच्या बुडबुड्यांनी भरलेला. त्या पोकळ्यांत पांढरी-गुलाबी झिओलाइट्स, कॅल्साइट, गारगोटी ही खनिजं. विहीरवाले याला मांजऱ्या म्हणतात. मग गाभा: घट्ट, काळानिळा, उभ्या भेगांचा. पैसे द्यावेत असा काळा पाषाण तो हाच. तळाला पुन्हा वीतभर पोकळ्यांचा पट्टा आणि दोन प्रवाहांच्या सांध्यात गेरूचा तांबडा थर, कधी चार बोटं तर कधी पुरुषभर.

गेरू म्हणजे जवळपास मातीच. ती बादलीभरही फीडरमध्ये गेली की पुढे फुगणारी चिकणमाती बनून वाळूत उतरते. मांजऱ्याचं दुखणं जास्त लपलेलं आहे. ताजा फोडला की काळाच दिसतो, खडी म्हणून खपूनही जातो. हातोडी मारून आवाज ऐका: गाभ्याचा दगड खणखणीत वाजतो, मांजऱ्या बद्द. फोडीवर बाटलीसारखे हिरवे ठिपके दिसले आणि काही तासांत ते काळपट झाले, तर ते क्लोरोफिआइट. त्याची घडण फुगणाऱ्या चिकणमातीच्या कुळातली. असा दगड भिजला-वाळला की खपल्या टाकतो.

यंत्राशिवाय करता येण्यासारखी परीक्षा: मुठीएवढे पाच-सहा तुकडे वेगवेगळ्या उंचीवरून घ्या, रात्रभर पाण्यात, दिवसभर उन्हात, असं आठवडाभर. तळाशी कणी साचली किंवा बोटाने कोपरा निघाला, तर तो थर वाळूला नको. घाई असेल तर गाडीचं कूलंट, म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, वापरतात. फुगणारी माती असेल तर दगड त्यात पाण्यापेक्षा लवकर तडकतो.

थोडं अवांतर: वाघोलीच्या खाणींतलं निळं कॅव्हन्साइट जगभरचे संग्राहक शोधत असतात, आणि आपल्याकडची अपोफिलाइट-स्टिल्बाइटही. ज्या भिंतीत ती सुंदर स्फटिकं मिळतात, ती भिंत वाळूसाठी नापास समजायची.

घर_चालू_आहे

माझा प्रश्न साधा आहे. सप्लायर डस्ट, क्रश सँड, वॉश सँड आणि प्लास्टर सँड अशी चार नावं सांगतो. चारही एकाच ढिगातून आल्यासारखी दिसतात. स्लॅबला कुठली, प्लास्टरला कुठली? आणि प्लास्टरवर जाळीसारख्या बारीक भेगा पडतात तो दोष वाळूचा की गवंड्याचा?

व्हीएसआय_रात्रपाळी

चारही एकाच ढिगातून येऊ शकतात, शंका रास्त आहे.

डस्ट, काही ठिकाणी कच म्हणतात, ही खडी फोडताना मागे राहिलेली बारीक. जॉ आणि कोन या क्रशरांत दगड दाबून फुटतो, त्यामुळे कण चपटे, सुईसारखे, आणि ७५ मायक्रॉनखालची पूड वाटेल तितकी, पंधरा-वीस टक्क्यांच्या पुढे सहज. पेव्हर ब्लॉकखाली किंवा जोत्यात भरायला ठीक. हीच डस्ट एकदा चाळून "सँड" म्हणून विकली जाते. मुठीत घेऊन चोळा. टोचत असेल आणि भिंगाखाली कण पापुद्र्यासारखे दिसत असतील, तर तिने व्हीएसआय बघितलेलं नाही.

क्रश सँड व्हीएसआयमधून येते. मधला रोटर दगड बाहेर फेकतो, तो कडेला साचलेल्या दगडांच्याच भिंतीवर आपटून फुटतो. बेसाल्टसाठी ही दगडावर-दगड पद्धतच परवडते. लोखंडी ॲन्व्हिल (ऐरणी) लावले तर बारीक माल जास्त निघतो, पण ॲन्व्हिल बघता बघता झिजतात. नुसता आकार सुधारायला रोटरच्या टोकाचा वेग सेकंदाला ४५-५० मीटर पुरतो, वाळूला ५५-६५ लागतो. फीड ४० मिमीच्या आत हवं, २०-३० असेल तर उत्तम. एका फेरीत साधारण तिसरा हिस्साच ४.७५ मिमीखाली उतरतो, बाकीचा पुन्हा फिरवायचा.

इथे गोम अशी की रोटरचे टंगस्टन कार्बाइडचे टिप झिजले की वाळू हळूहळू जाड होते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मोटरचा अँपियर आणि परत फिरणाऱ्या मालाचा पट्टा, दोन्हींवर डोळा हवा. परतीचा माल वाढला की आधी टिप बघा, मग चाळणी. फीड तुटक असेल तर रोटर असमतोल होऊन थरथरतो आणि बेअरिंगचं आयुष्य संपतं. त्यामुळे हॉपर कधी रिकामा होऊ द्यायचा नाही.

सगळ्यात स्वस्त सुधारणा मात्र व्हीएसआयच्या कितीतरी आधी आहे, आणि धागाकर्त्याचा मुद्दा तिथेच येतो. प्रायमरी जॉच्या आधी ग्रिझली, म्हणजे जाड सळ्यांची चाळण, हवी आणि तिच्यातून पडणारा ४०-५० मिमीखालचा माल वेगळ्या पट्ट्यावरून बाहेर काढायला हवा. सुरुंगानंतरच्या ढिगातली माती, मुरूम, गेरू बहुतेक याच बारकाईत असतो. तो भरावाला विकायचा. अनेक ठिकाणी हा पट्टा बंद ठेवतात, कारण तेवढाच माल "वाया" जातो. प्लांट बघायला गेलात तर पहिली नजर तिथे टाका. ग्रिझलीखालचा ढीग ताजा नसेल तर तो चिखल वाळूत गेलाय.

आता धुणं. टनाला साधारण एक घनमीटर पाणी फिरतं. ते थिकनरमध्ये (गाळ खाली बसवायच्या टाकीत) पॉलिमर टाकून निवळायचं आणि परत वापरायचं, नाहीतर गाळाची तळी भरून ओढ्यात उतरतात. जास्त धुणंही वाईट. बकेट-व्हील (पाण्यातून वाळू उपसणारं चाक) चुकीचं लावलं की १५० ते ३०० मायक्रॉनचा उपयोगी माल पाण्याबरोबर जातो. अशी वाळू हातात स्वच्छ, चकचकीत दिसते आणि काँक्रीट खरखरीत होतं, वर पाणी सुटतं, पंपात अडकतं. हायड्रोसायक्लोन (पाणी गरगर फिरवून बारीक वाळू वेगळी काढणारं भांडं) असेल तर हा माल परत मिळवता येतो.

स्लॅबला ४.७५ खालची क्रश सँड. प्लास्टर सँड म्हणजे तीच, २.३६ खाली चाळलेली आणि पूड कमी केलेली. भेगांचं उत्तर लॅबवाल्यांनी द्यावं.

पाटीखोरं

हे सगळं ठीक, पण नदीच्या वाळूची सर याला येणार नाही. गवंड्याला विचारा. थापीवर क्रश सँडचा माल चढतच नाही.

लॅबवाली

@पाटीखोरं, गवंड्याचं म्हणणं खरं आहे, पण कारण नदी-खाण हे नाही. कण गोल असले की कालवलेला माल घसरतो, टोकदार असले की अडतो. चांगल्या व्हीएसआयची वाळू आणि डस्ट यांत थापीवर जेवढा फरक जाणवतो तेवढा चांगली क्रश सँड आणि नदीची वाळू यांत जाणवत नाही. शिवाय भीमा, कृष्णा, गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातली वाळू याच कातळाची झीज आहे. तिच्यात गारगोटी आणि झिओलाइट असतंच, वर गाळ आणि शेवाळ वेगळं.

@घर_चालू_आहे, प्लास्टरच्या भेगांबद्दल. काँक्रीटच्या वाळूसाठी आयएस ३८३ हे भारतीय मानक, २०१६ ची आवृत्ती. तिच्यात ७५ मायक्रॉनखालचा भाग नैसर्गिक वाळूत ३ टक्के आणि क्रश सँडमध्ये १५ टक्के चालतो. प्लास्टरचं मानक वेगळं, आयएस १५४२, तिथे मर्यादा ५ टक्के. म्हणजे स्लॅबला पूर्ण पास झालेली वाळू प्लास्टरला सपशेल नापास असू शकते, आणि साइटवर दोन्हींना एकच ट्रक येतो. पूड जास्त म्हणजे पाणी जास्त, पाणी जास्त म्हणजे सुकताना आकुंचन जास्त. जाळीसारख्या उथळ भेगा बहुतेक इथूनच येतात. गवंडी त्यात भर घालतो ती घोटून. ओला माल लोखंडी थापीने घासत बसलं की पूड आणि सिमेंट वर येऊन पातळ साय बसते आणि तीच आधी तडकते. भेग लांब, तिरकी आणि खोल असेल, किंवा बीम आणि विटांच्या सांध्यावर सरळ रेषेत असेल, तर वाळूला दोष देऊ नका. तिथे जाळी मारलेली नसते.

बाहेरून २० मिमी दोन थरांत, पहिला १:४. आतून १२ मिमी १:५ किंवा १:६. पहिला थर खरवडून ठेवायचा. निदान सात दिवस पाणी.

आता थराच्या मुद्द्याकडे. ७५ मायक्रॉनची चाळणी फक्त कणाचा आकार सांगते. ती पूड दगडाची आहे की मातीची, हे तिला कळत नाही. १२ टक्के शुद्ध दगडी पूड काँक्रीटला उलट मदत करते, पोकळ्या भरते, पंपिंग सुधारते. ४ टक्के गेरू आणि मांजऱ्याची माती मात्र काम बिघडवते. हल्लीची पीसीई जातीची ॲडमिक्स्चर (कमी पाण्यात काँक्रीट सैल ठेवणारं रसायन) असेल तर ते लगेच दिसतं. स्मेक्टाइट या फुगणाऱ्या मातीच्या पदरांत पीसीईचे रेणू अडकून बसतात, त्यामुळे नेहमीच्याच डोसला स्लम्प, म्हणजे काँक्रीटचा सैलपणा, अर्ध्या तासात कोसळतो. साइटवर मग पाणी वाढवतात आणि ताकद तपासायचे क्यूब नापास झाले की दोष सिमेंटला.

यासाठी मिथिलीन ब्लू चाचणी करा. युरोपीय पद्धतीत वाळूचा २ मिमीखालचा २०० ग्रॅम कोरडा भाग अर्धा लिटर पाण्यात ढवळत ठेवायचा. लिटरला १० ग्रॅम ताकदीचं निळं द्रावण ५ मिलिलिटरच्या टप्प्याने टाकायचं, आणि प्रत्येक टप्प्यानंतर काचकांडीने एक थेंब गाळणकागदावर. आधी गर्द निळा ठिपका आणि भोवती बिनरंगी ओल. ज्या क्षणी ठिपक्याभोवती मिलिमीटरभर फिकट निळी कड दिसते आणि पाच मिनिटं टिकते, तिथे थांबा. लागलेले मिलिलिटर भागिले नमुन्याचे ग्रॅम, गुणिले १०. म्हणजे २० मिलिलिटर लागले तर मूल्य १.०, २८ लागले तर १.४. चीनच्या मानकात १.४ पर्यंत पूड दगडाची धरतात, त्यापुढे मातीची शंका घेतात. खर्च किरकोळ, वेळ पाऊण तास. प्रत्येक आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटवर ही बाटली असायला हवी आणि फार थोड्यांकडे असते.

घरी करण्यासारखं म्हणजे काचेच्या बाटलीत वाळू आणि पाणी हलवून ठेवणं. दगडी पूड तासाभरात राखाडी थर करून बसते, वरचं पाणी निवळतं. दुसऱ्या दिवशीही पाणी तांबूस-गढूळ राहिलं, किंवा वरचा थर बोटाला साबणासारखा लागला, तर माल परत पाठवा.

सुरुंगवाला

थर वेगळे काढायचे म्हणता, पण ते काम ड्रिलिंगपासून सुरू होतं, लोडरपासून नव्हे. त्यावर थोडं.

समजा ६ मीटरची बेंच (खाणीची पायरी), ११५ मिमीचं होल. बर्डन (होलपासून मोकळ्या तोंडापर्यंतचं अंतर) ३ मीटर, स्पेसिंग (दोन होलांमधलं अंतर) ३.५, तळाशी ०.८ मीटर जादा ड्रिल, म्हणजे होल ६.८ मीटर. एका होलच्या वाट्याला ६३ घनमीटर दगड येतो. वरचे २.६ मीटर स्टेमिंगला (होलचं तोंड बंद करणाऱ्या भरावाला) सोडले तर ४.२ मीटरमध्ये ८३ मिमीच्या इमल्शनच्या काड्या साधारण २६ किलो बसतात. म्हणजे घनमीटरला ०.४ किलोच्या आसपास. घट्ट गाभ्याला हे बेताचं आहे, मांजऱ्याला जास्त. हे आकडे नमुन्याचे, प्रत्येक खाणीत जमवावे लागतात, आणि भरण्याचं काम पेसोच्या (केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संस्थेच्या) नियमांखाली परवानाधारक ब्लास्टरनेच करायचं.

गेरू इथे घात करतो. भरलेल्या स्तंभाच्या मध्ये मऊ थर आला की सगळा वायू तिथूनच फुसकन बाहेर पडतो. वरचा घट्ट दगड न फुटता गोटे होऊन उरतो आणि तोंडाकडून दगड उडतात. म्हणून ड्रिलरने भुकटीचा रंग बघत राहायचा. काळी-राखाडी भुकटी लाल झाली, किंवा ड्रिल एकदम सटासट उतरायला लागलं, की तिथली खोली वहीत लिहायची. भरताना त्या पट्ट्यात स्फोटक न ठेवता स्टेमिंगचा डेक द्यायचा, वर-खाली वेगवेगळा भरणा. स्टेमिंगला होलमधली भुकटी चालवून घेतात, पण १०-१२ मिमीची टोकदार खडी पक्की धरते. ही एक सवय लावली तरी दगड उडण्याच्या तक्रारी निम्म्यावर येतात असा माझा अंदाज.

सर्वात उत्तम म्हणजे बेंचचा तळच गेरूच्या थरावर धरायचा. वरची बेंच मांजऱ्याची, ती वेगळी फोडून रस्त्याच्या भरावाला. खालची गाभ्याची, ती वाळूला. उंचीचं गणित बिघडतं, आठ मीटरच्या जागी पाचच मिळतात, आणि मालक कुरकुरतो.

न फुटलेल्या होलबद्दल, कारण याच जागी माणसं मरतात: जुन्या होलच्या उरलेल्या बुडात ड्रिलचं टोक कधीही घालायचं नाही, ते रिकामं दिसलं तरी. मिसफायर असेल तर ब्लास्टर सांगेल तेवढा वेळ कोणी जवळ जायचं नाही. नवं होल किती अंतरावर आणि कुठल्या दिशेने घ्यायचं हेही त्यानेच ठरवायचं.

शेजारच्या घरांसाठी डीजीएमएसची (केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची) कंपनाची मर्यादा आहे. साध्या घरांना ८ हर्ट्झखाली सेकंदाला ५ मिमी, ८ ते २५ मध्ये १०, त्यावर १५. मोजणीचा कागद मागणं हा गावकऱ्यांचा हक्क आहे, भांडणापेक्षा त्याने काम होतं.

रूळ_आणि_रस्ता

मांजऱ्या भरावाला चालतो हे मान्य, पण "रस्त्याला चालतो" असं सरसकट म्हणू नका.

वाळूला नाकारलेला दगड डांबराच्या वरच्या थरात घातला की पहिल्या दोन पावसाळ्यांतच खडी सुटते. बेसाल्ट आम्लधर्मी नसल्याने डांबर त्याला ग्रॅनाइटपेक्षा चांगलं धरतं, ही आपली जमेची बाजू. पण खडीवर पुडीचा लेप असेल तर डांबर त्या लेपाला चिकटतं, दगडाला नाही. बिटुमिनस काँक्रीटला (डांबराच्या वरच्या थराला) आघातमूल्य, म्हणजे ठोक्यांनी होणारा चुरा, २४ टक्क्यांच्या आत, पाणी शोषण २ टक्क्यांच्या आत. मांजऱ्या बहुधा दुसऱ्या अटीवरच गळतो.

रेल्वेची गिट्टी त्याहून कडक: आघातमूल्य २० पर्यंत, झीज ३० पर्यंत, पाणी शोषण १ टक्का. आकारात ६५ मिमीवर पाचच टक्के राहू शकते, ४० वर चाळीस ते साठ टक्के, आणि २० वर किमान ९८ टक्के अडकली पाहिजे. म्हणून जी खाण रेल्वेला गिट्टी देते तिचा गाभा चांगला असणार, असा अंदाज बांधायला हरकत नाही. तिची वाळू आधी बघा.

पाटीखोरं

गारगोटीचं काय? मांजऱ्यातली गारगोटी काँक्रीट फोडते असं ऐकलंय.

कातळवाचक

गारगोटीत कॅल्सेडोनी असते. तिचे स्फटिक इतके सूक्ष्म की सिमेंटमधल्या अल्कलीशी ती हळूहळू रिॲक्ट होते, जेल तयार होतं, पाणी पिऊन फुगतं. त्यातून नकाशासारख्या रुंद भेगा, पण वर्षानुवर्षांनी. प्लास्टरच्या महिन्याभरातल्या भेगांशी याचा संबंध नाही. थिजताना काच राहिलेला बेसाल्टही याच यादीत येतो, तो डोळ्यांना घट्ट काळा पाषाणच दिसतो आणि पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्याशिवाय ओळखू येत नाही.

घराच्या स्लॅबसाठी जीव टांगणीला लावू नका. कोरड्या भिंती, वर पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट, तिथे धोका कमी. धरण, पूल, पाण्याची टाकी, फूटिंग सतत ओलं राहतं तिथे मॉर्टार-बार चाचणी मागा: ८० अंशांच्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये पट्टी दोन आठवडे ठेवून किती वाढते ते बघतात. ०.१० टक्क्याखाली निर्धास्त, ०.२० वर धोका, मधलं असेल तर आणखी चाचण्या. दगड बदलता येत नसेल तर सिमेंटमध्ये निदान २० टक्के फ्लाय ॲश (वीजकेंद्राची राख) किंवा ५० टक्के स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी), हा आयएस ४५६ मधलाच मार्ग आहे.

वैनगंगाकाठ

सगळे काळ्या पाषाणावरच बोलताय, आमच्याकडेही बघा जरा. नागपूर ही ट्रॅपची, म्हणजे दख्खनच्या लाव्हाची, पूर्वेकडची कड. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे आलं की दगड ग्रॅनाइटी नीस (पट्ट्यापट्ट्यांचा दगड), क्वार्ट्झाइट. गेरू-मांजऱ्याची भानगड नाही, पण दोन वेगळ्या. एक, या दगडात क्वार्ट्झ भरपूर, त्यामुळे व्हीएसआयचे टिप बेसाल्टपेक्षा लवकर संपतात आणि वाळू महाग पडते. दुसरी गंभीर: धुळीत सिलिका. क्रशरवर पाण्याचे फवारे नसतील, मुखपट्टी म्हणजे गमछा असेल, तर काही वर्षांत सिलिकोसिस. तो परत फिरत नाही. पाणी जॉच्या तोंडावर आणि पट्टा पडतो त्या प्रत्येक ठिकाणी हवं, चाळणीवर मात्र नको, जाळी बंद होते. तिथे आच्छादन आणि धूळ ओढणारा पंखा.

नीसमध्ये अभ्रकाचे पट्टे असतात. वाळूत चकाकणाऱ्या पापुद्र्या दिसल्या तर तो थर टाळा. अभ्रक पाणी जास्त मागतं आणि ताकद खातं.

घर_चालू_आहे

थर, चाळणी समजली. आता व्यवहाराचं सांगा. ब्रासवर घ्यावी की वजनावर? ट्रक भरून येतो, पसरला की कमी वाटतो.

हिशोबनीस

वजनावर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. कोरडी क्रश सँड घनमीटरला १६५० किलो धरली तर ब्रासचे साधारण ४.७ टन होतात. वाळू ओलसर असली की कणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्याने फुगते. २० टक्के फुगली तर एका ब्रासच्या पैशात कोरडी ०.८३ ब्रास मिळाली. ट्रक पाणी गळत आला तर उलट वजनात पाणी विकत घेताय. म्हणून वजन काट्यावर, आणि ओल किती ते बघून वजावट: अर्धा किलो वाळू कढईत कोरडी होईपर्यंत भाजा, घट मोजा. दगडी वाळू स्वतःच दोन-तीन टक्के पाणी पिते, तेवढ्यावर वाद घालू नका.

कागद: महाखनिज या सरकारी प्रणालीचा वाहतूक पास मागा, त्यावरची गाडी, तारीख, वेळ जुळवा. पास नसलेला माल पकडला गेला तर महसूल अधिनियमाच्या ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपट दंडापर्यंत प्रकरण जातं आणि वाहन अडकतं, स्लॅबच्या दिवशी ते तुमच्याच अंगावर येतं. गौण खनिजाचं स्वामित्वधन ब्रासला ६०० रुपये. २०२५ च्या कृत्रिम वाळू धोरणात ठरावीक युनिटांना ते २०० केलंय. "सरकारी सवलतीची वाळू" म्हणून जादा भाव कोणी सांगितला तर हिशोब उलटा आहे हे लक्षात घ्या.

दर विचारताना हेही विचारा: ग्रिझलीखालचा माल कुठे जातो? उत्तर नीट आलं नाही तर ब्रासमागे शंभर-दोनशे कमी असले तरी सोडा.

घर_चालू_आहे

धन्यवाद सगळ्यांना. शेवटचा प्रश्न, जूनच्या आधी प्लास्टरची वाळू घेऊन ठेवू का?

व्हीएसआय_रात्रपाळी

घ्या. पावसात कोरड्या प्लांटची बारीक चाळणी ओल दोन-तीन टक्क्यांपुढे गेली की बुजते. मग ऑपरेटर जाळी मोठी लावतो आणि २.३६ च्या नावाखाली ४ मिमीचे खडे येतात. त्याच दिवसांत भिंतीवरून मातीही वाहून ढिगात उतरते. धुण्याच्या प्लांटला पावसाचा त्रास कमी.

ठेवताना जमिनीवर सरळ ओतू नका, पीसीसीचा (साध्या काँक्रीटचा) किंवा दाबलेल्या खडीचा ओटा करा, थोडा उतार द्या. ताडपत्री टाका. एकाच शंकूत उंचावरून ओतली तर जाड कण पायथ्याशी घरंगळतात आणि मध्ये पूड राहते, मग एक पाटी खरखरीत, दुसरी पिठासारखी. ट्रक शेजारी शेजारी खाली करा, ढीग छातीएवढाच ठेवा आणि काढताना खोऱ्याने पायथ्यापासून माथ्यापर्यंत उभा कापत या.